दोन दोरे

६ जानेवारी

भुंग्या,

वर 'चिरंजीव' वगैरे लिहू का, असं तुझी बहीण विचारते आहे. म्हटलं, राहू दे, तो आता मोठा माणूस झालाय, बुजेल. खारू लिहिते आहे, मी बोलते आहे. मी सांगते ते जसंच्या तसं उतरवते असा तिचा दावा आहे. मला वाचता येत नाही, तेव्हा विश्वास ठेवणं आलं.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू "हो आजी, बघतो आजी, ठेवतो आजी" म्हणतोस, आणि त्यातलं शेवटचं तेवढं मनापासून म्हणतोस. कागदावरचं 'हो' मला वाचता आलं नाही तरी डब्यात ठेवता येतं. म्हणून या एका कामापुरता फोन बंद. तूही कागदावरच बोल.

काम असं. घर सोडून गेलास तेव्हा तुझा कॉम्प्युटर खारूला देऊन गेलास. म्हणालास, तिकडच्या मशीनला नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं की जुनं हिला पाठवीन. मागच्या उन्हाळ्यात नवं घेतलंस, रंगीत दिव्यांसकट फोटो पाठवलास. जुनं काही अजून पोचलं नाही. वाटेत कोणाकडे मुक्कामाला राहिलं असेल.

खारूचं कॉलेजातलं शेवटचं वर्ष. तिने कॉम्प्युटरवर एक चित्रफीत करायला घेतली आहे. रिकामं घर, आणि त्यात एकेक खुर्ची चालत येऊन आपापल्या जागी बसते. खुर्च्या माझ्याच, म्हणजे मी उभा जन्म ज्यांना कव्हरं शिवली त्या. तिने माझ्याकडून पाय, पाठी, हात सगळं विचारून विचारून काढलंय. एप्रिलच्या सुरुवातीला स्टुडिओचे लोक येऊन सगळ्या मुलांचं काम बघणार आणि दोघांना नोकरीवर घेणार. पण चौथी खुर्ची आत आली की कॉम्प्युटर बसतो तो उठतच नाही. मी विचारलं, चौथी जड आहे का? तर म्हणे सावल्या त्याला झेपत नाहीत.

कॉलेजात चांगली मशीनं आहेत, पण पाळी लावून घ्यावी लागते, आणि ती नोंदणी या महिन्यात बंद होते. खारू म्हणते, मला दादाचं कार्ड येणार आहे, पाळी दुसऱ्या कोणाला तरी मिळू दे. अशी ही दानशूर.

तर कळव.

आजी

(दादा, "जड आहे का" हे तिने खरंच विचारलं होतं. — खारू)


१९ जानेवारी

आजी,

नमस्कार. हाताने लिहायची इतकी सवय गेली आहे की पेन शोधण्यातच संध्याकाळ गेली. तू हसशील, पण ऑफिसात मी दिवसभर हेच करतो. कोणाच्या मशीनला काय झेपेल ते तपासायचं आणि बहुतेकांना नाही सांगायचं.

कार्ड आहे. पाठवायचंच आहे. पण कार्ड नुसतं खोचून चालत नाही, आधी मशीन तपासावं लागतं. ते कार्ड वीज फार ओढतं. खारूला म्हणावं, कॉम्प्युटरच्या डब्याचं बाजूचं झाकण काढ. मागच्या कोपऱ्यात पॉवर सप्लाय आहे, त्याच्यावरच्या लेबलवर किती वॅट लिहिलंय ते बघ. निदान साडेपाचशे हवेत. आणि आठ टोकांची वेगळी वायर मोकळी आहे का, तेही. नसेल तर मग नाइलाज आहे.

पाळीचं तिने नीट विचार करून ठरवावं. आईची तब्येत कशी आहे?

भुंगा


२७ जानेवारी

भुंग्या,

"पाळीचं नीट ठरवावं" हे तुझं वाक्य खारूने मला दोनदा वाचून दाखवलं, आणि दोन्ही वेळा तिला त्यात काही दिसलं नाही. तिचं म्हणणं, दादाला काळजी. नोंदणी काल बंद झाली. तिने नाव दिलं नाही.

आता तपासणी. झाकण काढलं. आत इतकी धूळ होती की एक उशी भरली असती. एक मेलेलं झुरळ, तुझी हरवलेली निळी शर्टाची गुंडी, आणि तो सप्लाय. लेबलवर साडेसहाशे लिहिलंय. तू साडेपाचशे मागितलेस, आम्ही वर शंभर देतो. आठवतं का, हा मोठा सप्लाय तूच बसवलास, गाड्या पळवायचे खेळ खेळायला. तेव्हा मी ओरडले होते. आता ते ओरडणं मागे घेते.

आठ टोकांची वायर रबर लावून गुंडाळून ठेवली आहे, कुमारिकाच आहे अजून.

तुझी आई इस्पितळाच्या धुलाईखात्यात पाळ्या करते आणि घरी येऊन आमची धुते, म्हणजे तब्येत बरीच म्हणायची.

कार्ड पोस्टात टाक.

आजी

(दादा, वायरबद्दल मी "मोकळी आहे" असं लिहिणार होते. — खारू)


११ फेब्रुवारी

आजी,

सप्लाय चालेल. बरं झालं.

आता जागेचं बघावं लागेल. तुमचा डबा जुन्या घडणीचा आहे आणि कार्ड आडवं लांब असतं. मागच्या पत्र्यापासून समोर हार्डडिस्क बसवायचा पिंजरा आहे तिथपर्यंत किती अंतर आहे ते नीट मोजून कळवा. अंदाजे नको. कार्ड पिंजऱ्याला टेकलं तर बसणारच नाही, आणि मग एवढ्या लांबून पाठवून उपयोग काय.

उशीर झाला, कारण रविवारी सासरी होतो. वरच्याच मजल्यावर राहतात. त्यांचं पांढरं मांजर माझ्याच मांडीवर बसतं आणि मी शिंकत बसतो. मेहुणा दिवसभर गाड्या पळवतो. मांजर कंटाळलं की त्याच्या कॉम्प्युटरवर जाऊन झोपतं, तिथे ऊब असते.

खारूला म्हणावं, तीन खुर्च्यांवरही छान होईल काम.

भुंगा


१८ फेब्रुवारी

भुंग्या,

शिंकणारा नवरा मिळाला म्हणून तुझ्या बायकोचं सांत्वन कर. आणि तीन खुर्च्यांचं पुन्हा काढू नकोस. चौथी खुर्ची माझी आहे. गोष्टच तिच्यावर बेतलेली आहे. ती आली नाही तर बाकीच्या तीन कोणाची वाट बघत बसल्यात?

मोजायची टेप खारूने कुठे ठेवली ते खारूला माहीत नाही. तेव्हा मी माझ्या रीतीने मोजलं. मागच्या पत्र्यापासून पिंजऱ्यापर्यंत दोरा ताणला आणि दोन्ही टोकांना गाठी मारल्या. मेण लावलेला आहे, ओढून वाढणार नाही. पाकिटात घातला आहे. तो कार्डाशेजारी धर. कार्ड गाठीच्या आत राहिलं की बसलं.

असे दोरे मी कायम दोन कापायची, एक गिऱ्हाइकाला, एक मला. आकडा मला लिहिता येत नव्हता, आणि गिऱ्हाइकाला लिहिता येत होता म्हणून तो खरा असायचाच असं नाही. कव्हर आखूड झालं म्हणून कोणी भांडायला आलं की दोन्ही दोरे शेजारी धरायचे. ज्याचं काम पुन्हा घ्यायचं नसे, त्याला मी माझाही दोरा देऊन टाकायची. बोलायला लागायचं नाही, समजायचं त्याला.

आत्ताही दोन कापले. एक तुला, एक माझ्या सुयांच्या डब्यात. हात आपला जुन्या वळणावर जातो, तुझ्यावर संशय म्हणून नाही.

आजी

(टेप सापडली. आजीच्याच डब्यात होती. — खारू)


३ मार्च

आजी,

दोरा मिळाला. किती दिवसांनी तुझ्या मेणाचा वास आला.

कार्डाशेजारी धरून बघितला. वाईट वाटतं, पण कार्ड बोटभर लांब आहे. गाठीच्या पुढे जातं. म्हणजे बसणार नाही. मी दोनदा बघितलं.

खारूने मनाला लावून घेऊ नये. जुन्या मशीनचं असंच होतं. तिला नोकरी लागली की नवीनच घेऊ, मी मदत करीन. सध्या आहे त्यात भागवावं. काम महत्त्वाचं, यंत्र नाही.

भुंगा


१० मार्च

भुंग्या,

बोटभर? मला वाटलं, हातभर म्हणतोस की काय. तुझं पत्र ऐकून खारूचं तोंड उतरलं होतं, पण मी म्हटलं, अगं, बोटभर जागा म्हणजे काय. मी आराम खुर्च्यांतून लठ्ठ माणसं बसवली आहेत.

तो पिंजरा नुसता पत्र्याचा आहे. वरचा अर्धा रिकामाच, डिस्क खालच्या खणात आहे. खारू स्क्रू शोधायला गेली, तर स्क्रू नाहीतच, रिव्हेट मारून टाकलेत. तेव्हा वरचा भाग कापायचा. समोरच्या ग्रिलवाल्याने लोखंड कापायची करवत देतो म्हटलं आहे. तो स्वतः यायला तयार होता, पण खारू म्हणाली, माझं मशीन मीच कापणार. हात सरळ आहे तिचा, माझ्यावर गेला आहे.

येता रविवार नाही, त्याच्या पुढच्या रविवारी तुझ्या आईला सुट्टी आहे, तेव्हा धरायला माणूस होईल. तुझी काही हरकत असेल तर त्याआधी सांग. नसेल तर कार्ड आजच निघू दे. वेळ अजून आहे. फार नाही.

खारू आज गाणं म्हणत धूळ पुसते आहे. तुला कळावं म्हणून सांगितलं.

आजी

(दादा, थँक यू. लांबी नीट बघितलीस म्हणून, नाहीतर कार्ड आल्यावर कळलं असतं. — खारू)


१९ मार्च

आजी,

कापू नका. पत्रा कापणं धोक्याचं असतं, मशीनला इजा होऊ शकते. कार्डाचं मी काहीतरी बघतो. नीट ठरेपर्यंत मशीनला हात लावू नका असं खारूला सांग.

तूच फोन नको म्हणालीस, म्हणून लिहूनच कळवतो आहे.

भुंगा


३० एप्रिल

भुंग्या,

आज अक्षर तुझ्या आईचं आहे. खारूला लिहायचं नाही.

तुझं "कापू नका" सोमवारी आलं. आम्ही रविवारी कापलं होतं.

फोन नको म्हटलं होतं ते 'हो' म्हणण्यासाठी. 'थांबा' म्हणायला कोणी बंदी केली होती?

काय झालं ते सांगते, कारण तू विचारलेलं नाहीस. कापायच्या आधी आतल्या नाजूक भागांवर काहीतरी झाकावं म्हणून मी मखमलीचा तुकडा दिला. उंची खुर्च्यांवर काम करताना मी तेच घालायची, ओरखडा येत नाही. आईने डबा धरला, मी बॅटरी धरली, खारूने कापलं. सरळ रेघ मारल्यासारखं कापलं. मग मखमल उचलली आणि आम्ही तिघी एकमेकींकडे बघून हसलो.

लोखंडाचा कीस मखमलीच्या केसांत अडकून राहिला होता. उचलताना तो सगळा आत झडला. सुती कापड असतं तर घडी घालून बाहेर नेता आला असता. दुरुस्तीवाल्याने हे नंतर सांगितलं. कार्ड येईपर्यंत तीन खुर्च्यांचं काम तरी करते म्हणून खारूने मशीन चालू केलं. फट असा बारीक आवाज झाला आणि केस जळल्याचा वास आला. मुख्य बोर्ड गेला. डिस्क तेवढी वाचली.

ती डिस्क घेऊन कॉलेजात गेली. तिथे पाळ्या लागलेल्या. ज्यांच्या होत्या त्यांनी जेवायच्या सुट्टीतला वेळ दिला, तेवढ्यात काय होणार. स्टुडिओच्या लोकांनी बघितलं. चौथी खुर्ची दारात उभी राहून फीत संपते. एक बाई म्हणाल्या, कल्पना चांगली होती, पुरी करायला हवी होती. घेतले ते दुसरे दोघे.

आता खारू फोटोच्या दुकानात बसते. लोकांचे ओळखपत्राचे फोटो कापून पाकिटात भरते. मालक म्हणतो, हिचा हात फार सरळ आहे. हे ती घरी येऊन सांगते आणि हाताकडे बघत बसते. तिचं म्हणणं, तिच्या हाताला यश नाही. चित्राची वही माळ्यावर टाकली आहे.

तुझं "काहीतरी बघतो" अजून चालू आहे का?

आजी

(बाळा, तू मनाला लावून घेऊ नकोस. वेळेवर जेवतोस ना? — आई)


१६ मे

आजी,

काय लिहावं कळत नाही. नशीबच म्हणायचं. माझं पत्र एक दिवस आधी आलं असतं तर.

कार्ड आज पार्सलने पाठवलं आहे. इतके दिवस कपाटातच पडून होतं, मीच आळस केला. आज ना उद्या खारू नवीन मशीन घेईल, त्यात मोठी जागा असेल, तेव्हा उपयोगी पडेल. तिला म्हणावं, दादाकडून भेट समज. आणि एक ओळ लिही.

आईला सांग, जेवतो.

भुंगा


२८ मे

भुंग्या,

अक्षर ओळखलंस का? आज खारूलाच बसवलं आहे. नको म्हणत होती. म्हटलं, शेवटचं लिहून दे, पुन्हा सांगणार नाही. पुढे काय येणार आहे हे तिला माहीत नाही.

पार्सल आलं. तुझं कार्ड मी मांडीवर घेऊन बघितलं. कपाटात पडलेल्या वस्तूवर धूळ कशी बसते ते मला विचार. वरून बसते, पिठासारखी, फुंकलं की उडते. या कार्डाच्या पंख्यात धूळ ओढली जाऊन दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखी घट्ट बसली होती. चालत्या मशीनमधली धूळ. मी सुईने उकरून काढली. तिच्यात पांढरे केस होते. मी सोफे उसवत म्हातारी झाले भुंग्या, मांजराचा केस मला दाखवावा लागत नाही. तुझ्या घरात मांजर नाही. वरच्या मजल्यावर आहे, मेहुण्याच्या कॉम्प्युटरवर झोपतं.

म्हणजे तू ते मेहुण्याला देऊन टाकलं होतंस. बरं, दिलंस. सासरचा माणूस, मागितलं असेल, नाही म्हणवलं नसेल. ते मला समजतं.

मग मी सुयांच्या डब्यातून माझा दोरा काढला.

एक गाठ कार्डाच्या मागच्या पट्टीला धरली आणि दोरा सरळ केला. कार्ड संपलं तरी दोरा शिल्लक होता. पुन्हा धरला. तुझ्या आईला बोलावून तिच्या हाताने धरायला लावला. तेच. कार्ड गाठीच्या आत राहतं, बोटभर आत. बोटाचा अंदाज तुझा बरोबर निघाला, बाजू तेवढी चुकली.

खारू थांबली आहे. थांबू दे. मी पाणी पिऊन घेते.

लिही गं.

तू दोरा धरलाच नव्हतास. धरणार कशाशेजारी? कार्ड वरच्या मजल्यावर, मांजराखाली. वॅट विचारलेस, ते भरले. वायर विचारलीस, ती निघाली. मशीन नापास होईना, तेव्हा तू त्याला नापास केलंस. आम्हाला वाटलं तू मोजतोयस. तू आमच्याकडून तुझं 'नाही' शोधून घेत होतास.

जानेवारीत तेवढा एक शब्द लिहिला असतास तर खारू दोन दिवस रुसली असती आणि तिसऱ्या दिवशी पाळीला नाव देऊन आली असती. चौथी खुर्ची तेव्हाच आत येऊन बसली असती. तुझी आई हे ऐकून काल स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी घासलेलीच होती.

आता हे पुढचं खारूसाठी आहे. तोंडावर बोलायला गेले की ती उठून जाते, लिहिताना उठता येत नाही. खारे, पत्रा कापायचं कारणच नव्हतं. तू कापलास तो सरळ कापलास. मखमल माझी होती. तुझ्या हाताला काही झालेलं नाही. वही मी तुझ्या आईकरवी माळ्यावरून काढून घेतली आहे, कपड्यांच्या फळीवर आहे. हे वाक्य खोडू नकोस, लिही. मला वाचता येत नाही, पण खोडलेलं कळतं.

तर भुंग्या, कार्ड परत पाठवते आहे. उन्हाळा संपला की मांजराला ऊब लागेल.

त्याच पाकिटात माझा दोराही घातला आहे. पहिला तुझ्याकडे असेल तर त्याच्याशेजारी धरून बघ, बरोबर निघेल. आता दोन्ही तुझ्याकडे झाले.

आजी

खारूला विचारलं, खाली तुझं नेहमीचं काही लिहायचं आहे का. म्हणते, जागा भरपूर आहे, लिहायचं काही नाही.